शेंदुर्णी स्टेशन (पाचोरा–जामनेर लाईन): कापसासाठी की अजिंठ्यासाठी? आणि बंद नेमकं कधी पडलं?

पाथर्डीफाटा

नमस्कार मंडळी. मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहते. आजोळ शेंदुर्णी, तालुका जामनेर.

सध्या आजोळी एक वाद रंगलाय. मोठे मामा म्हणतात, पीजे, म्हणजे ही पाचोरा–जामनेर रेल्वे, इंग्रजांनी कापूस न्यायला बांधली. मामी पहूरची. ती म्हणते, कापूस वगैरे नंतरचं, गोऱ्या साहेबांना अजिंठ्याची लेणी बघायला जाता यावं म्हणून लाईन टाकली, साहेब लोक पहूरला उतरून पुढे टांग्याने जायचे असं तिचे आजोबा सांगायचे. गणपतीत दोघंही आमच्याकडे येणार आहेत. तोवर मला काहीतरी ठोस हातात हवंय, कारण आमच्या घरात तोंडी पुराव्याला कुणी विचारत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पाचोरा ते जामनेर अशी अडीच फुटी नॅरोगेज, साधारण ५६ किलोमीटर. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर, भागदरा, जामनेर ही त्यावरची गावं. शेंदुर्णी जवळजवळ मधोमध. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनला गाडी थांबली ती थांबलीच.

माझ्याकडे आईच्या पेटीत सापडलेलं शेंदुर्णी ते पाचोरा असं पुठ्ठ्याचं तिकीट आहे, तारीख वाचता येत नाही. मामेभावाने मोबाईलवर काढलेले स्टेशनचे फोटो आहेत. आणि मामांची एक आठवण आहे की ते लहान असताना मालधक्क्यावर रुईच्या गाठी इतक्या रचलेल्या असायच्या की पोरं त्यात लपाछपी खेळायची आणि मास्तर ओरडायचे.

तर लाईन कशासाठी, स्टेशन बंद कधी धरायचं, आणि याचे कागद कुठे बघायला मिळतील? विकिपीडिया वाचून झालंय, तेच इथे चिकटवू नका ही विनंती.

ओझरकर

वाचनखूण साठवली. पीजेला एकदाच बसलोय, मित्राच्या लग्नाला जामनेरला जाताना. आतमध्ये जागा नव्हती म्हणून वर बसलो आणि बाभळीने शर्ट फाडला. नवरदेवाच्या भावाचा शर्ट घालून फोटोत उभा आहे. इतिहासात भर शून्य, माहीत आहे.

गार्डकाका जेलरोड

ताई, भुसावळ डिव्हिजनला गार्ड होतो. बहुतेक नोकरी मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये गेली, भुसावळ ते इगतपुरी आणि उलट. पीजेवर माझी कायमची ड्यूटी कधी नव्हती. तिथला माणूस रजेवर गेला की आमच्यातल्या कुणालातरी पाठवायचे. पोरं टाळायची, कारण आम्हाला किलोमीटरवर मायलेज, म्हणजे भत्ता, मिळतं आणि तिथे दिवसभर गाडीत बसून किलोमीटर ते किती होणार! मला मात्र आवडायचं. सिग्नलची फारशी भानगड नाही, एका वेळी लाईनवर आपलीच गाडी, ताशी पंचवीस-तीसच्या घरात चालायचं, शेतातला माणूस हात हलवून घरच्यांची खुशाली विचारायचा आणि त्याला उत्तर देण्याइतका वेळ असायचा.

मामा-मामीच्या वादाचा निकाल कागदाच्या आधी रूळच देतात. नकाशा काढून बघा. पाचोऱ्याहून लाईन निघते ती जवळजवळ सरळ पूर्वेला: वरखेडी, शेंदुर्णी, पहूर. पहूरला तुम्ही लेण्यांच्या सगळ्यात जवळ असता. जळगाव–औरंगाबाद रस्ता तिथेच येतो आणि त्या रस्त्याने दक्षिणेला गेलं की फर्दापूर, लेणी. आता नेमकं पहूरपासून रूळ कुणीकडे वळतात? उत्तरेला, जामनेरकडे, लेण्यांकडे पाठ करून. साहेबांच्या सहलीसाठी लाईन टाकली असती तर ती फर्दापूरच्या दिशेने गेली असती, निदान पहूरलाच संपली असती. पुढे जामनेरपर्यंत पैसे घालून नेली, कारण जामनेर तालुक्याचं गाव, कापसाची बाजारपेठ. लेणी बघायला जाणारे पहूरला उतरत असतील, या लाईनवरून लेण्यांना जवळचं स्टेशन तेच होतं. पण तो वरचा फायदा. बांधणाऱ्याचा हिशेब गाठींचा होता.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. तुम्ही विचारता स्टेशन कधी बंद पडलं, आणि सगळे २०२० सांगतील. जनता कर्फ्यूच्या दिवशी, २२ मार्च २०२० ला, देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबवायचा निर्णय झाला, त्यात पीजेही थांबली. बरोबर आहे. पण ती गाडी थांबल्याची तारीख झाली. स्टेशनचं मरण मालधक्क्यापासून सुरू होतं आणि ते कुठल्याच पेपरात छापून येत नाही.

नॅरोगेजचं मूळ दुखणं समजून घ्या. शेंदुर्णीच्या जिनिंग-प्रेसिंगमधून गाठ निघाली, वजन एकशे सत्तर किलोच्या आसपास. ती बैलगाडीत चढवली, धक्क्यावर उतरवली, छोट्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, भरली. पाचोऱ्याला पोचल्यावर ती वाघीण मोठ्या लाईनवर जाऊ शकत नाही, एका रुळापासून दुसऱ्या रुळापर्यंत इथे अडीच फूट, तिथे साडेपाच फूट. म्हणजे पुन्हा उतरवा, पुन्हा भरा. हमाली दोनदा, पावत्या सांभाळणं दोनदा, मोठ्या लाईनची रिकामी वाघीण मिळेपर्यंत माल पाचोऱ्याच्या धक्क्यावर पडून, वर अवकाळी आला तर ताडपत्रीची पळापळ. बैलगाडीच्या काळात हे सगळं परवडायचं, कारण बैलगाडीपेक्षा रेल्वे तरी वेगवान होती. ट्रक आला आणि त्याने जिनिंगच्या दारातून माल उचलून थेट जळगावला किंवा मुंबईला गिरणीच्या दारात टाकला, तेव्हा या सगळ्या उचलाउचलीचा जाब कुणाकडेच नव्हता.

मग काय होतं ते सांगतो, हे मी मोठ्या लाईनच्या बारक्या स्टेशनांवरही पाहिलंय. आधी मालाचं बुकिंग कमी होतं. एक दिवस पत्रक निघतं की अमुक स्टेशनला माल घेतला जाणार नाही. ते पत्रक मास्तरच्या टेबलावरच्या काचेखाली जातं, गावाला कळतही नाही. मग धक्क्यावरचा वजनकाटा उचलतात. सायडिंग, म्हणजे माल भरायची बाजूची लाईन, वापरात नाही म्हणून तिचे सांधे, म्हणजे गाडी त्या लाईनवर वळवायची रुळांची जोडणी, काढतात. सांधे नाहीत म्हटल्यावर सांधेवाल्याची जागा कमी होते. समोरासमोरच्या गाड्यांचं क्रॉसिंग होत नाही म्हणून मास्तरची जागा प्रश्नात येते. आमच्याकडे स्टेशनांचे वर्ग असतात. जिथे गाड्यांना लाईन क्लिअर, म्हणजे पुढे जायची परवानगी, देतात ते ब्लॉक स्टेशन, ए, बी, सी. जिथे तेही नाही, गाडी फक्त थांबते, ते डी वर्ग, फ्लॅग स्टेशन. एखादं स्टेशन वरच्या वर्गातून डी मध्ये कधी उतरलं ते बघा, तुम्हाला त्याची खरी तारीख सापडेल. प्रवासी गाडी चालूच असते, लोक चढतात-उतरतात, म्हणून गावाला वाटतं सगळं ठीक आहे.

मामांची ती लपाछपीची आठवण म्हणूनच महत्त्वाची आहे. त्यांचं वय काय, तेव्हा कितवीत होते, एवढं विचारून लिहून ठेवा.

तिकिटावर काय काय छापलंय ते सांगा, त्यावरून थोडंफार काढता येईल.

जाता जाता: कार्तिकात शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाच्या यात्रेला मला एकदा ड्यूटी लागली होती. गार्डाचा डबा सुद्धा माणसांनी भरलेला. माझ्या पेटीवर एक आजी बसल्या होत्या. म्हटलं आजी, मला झेंडी काढायचीय, जरा उठा. म्हणाल्या, "तू उभा राहा, तुला पगार भेटतो." झेंडी त्यांनीच पेटीतून काढून दिली, चुकीची, लाल.

दप्तरी

गार्डकाकांचा दिशेचा मुद्दा पटला. त्याला कागदाची जोड देतो.

ही लाईन १९१८-१९ च्या सुमारास सुरू झाली. म्हणजे पहिलं महायुद्ध संपत होतं, १९१८ चा पाऊस दगा देऊन गेला होता आणि इन्फ्लुएंझाची साथ मुंबई इलाख्यात माणसं नेत होती. अशा काळात कुणी सहलीची रेल्वे बांधणार नाही, हा माझा अंदाज, पुरावा म्हणून घेऊ नका. पुरावा पुढे आहे.

एक तर हद्दीचा प्रश्न. १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पाचोरा, जामनेर पूर्व खान्देशात, म्हणजे ब्रिटिश मुलखात. अजिंठा आणि फर्दापूर निजामाच्या राज्यात. लाईन शेवटपर्यंत ब्रिटिश मुलखात राहते. काका म्हणतात ती उत्तरेची वळणी यामुळेही समजते: पुढे दक्षिणेला जायचं तर दुसऱ्या संस्थानाशी करार, जमीन, सगळंच नव्याने.

दुसरं, ही लाईन जीआयपीने, म्हणजे मोठ्या लाईनच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, स्वतःच्या पैशाने बांधलेली नाही. पाचोरा–जामनेर ही शाखा-कंपनीची लाईन, चालवायला जीआयपीकडे दिलेली. त्या काळात अशा छोट्या लाईनींसाठी खासगी भांडवल यावं म्हणून सरकार कंपन्यांना आधार द्यायचं. कुठे भांडवलावर ठरावीक व्याजाची हमी, कुठे शाखेमुळे मुख्य लाईनला जी जादा वाहतूक मिळाली तिच्यातून परतावा. या व्यवस्थेत शाखेचं मोल ठरायचं ते जंक्शनला ती किती माल मोठ्या लाईनच्या हवाली करते त्यावर. महिन्याला चार-दोन साहेब लेण्यांना गेले तर भागधारकांना काय मिळणार? दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत गाठी जात राहिल्या तर मिळणार. रेल्वेच्या कारभारावर नेमलेल्या १९२०-२१ च्या अॅकवर्थ समितीने या शाखा-कंपन्यांच्या पद्धतीवर चांगलेच ताशेरे ओढले होते, फार कंपन्या, फार व्यवस्थापनं म्हणून. पुढे १९२५ मध्ये खुद्द जीआयपीच सरकारच्या थेट कारभाराखाली आली.

अडीच फूटच का, असंही कुणी विचारेल. बार्शी लाईट रेल्वेने १८९७ पासून दाखवून दिलं होतं की या गेजवर कमी खर्चात भरपूर माल नेता येतो. कापसाच्या मुलखात जमीन सपाट, नद्या-नाले तेवढे पूल मागतात. मोठ्या लाईनच्या तुलनेत भराव कमी, पूल हलके, रूळ हलके.

मामींना एवढं सांगा की त्यांचे आजोबा खोटं बोलत नव्हते. पण लाईन आली तेव्हा लेणी जगाला कळून शंभर वर्षं होत आली होती, जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी १८१९ मध्ये तिथे पोचला. नुसत्या लेण्यांसाठी रेल्वे हवी असती तर इतकी वाट बघितली नसती.

नाशिकचा नाना

खान्देशच्या स्टेशनांवर एवढं लिहिताय, आपल्या नाशिकच्या ट्रामवर कधी लिहिणार? नाशिकरोड स्टेशन ते मेनरोडवरची जुनी नगरपालिका, घोडे ओढायचे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. मुख्य लाईन शहराबाहेरून गेली म्हणून हा सगळा खटाटोप. वेगळा धागा काढा कुणीतरी, माझ्याकडे ऐकीव माहितीचं पोतं आहे.

सातपूरचा जामनेरकर

काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण धक्का रिकामा झाला त्याच दिवशी स्टेशन मेलं, हे मला मान्य नाही. मग त्यानंतर इतकी वर्षं त्या गाडीत कोण बसत होतं? आम्ही काय भुतं होतो?

माझं गाव लाईनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. काळ्या मातीचा मुलूख आहे आमचा. ताई, तुमचं आजोळ तिकडचं म्हणजे तुम्हाला सांगायला नको, आषाढात गाडीरस्त्यावर पाय टाकला की चप्पल मातीत आणि पाय बाहेर. माझ्या शाळेच्या वर्षांत तरी पावसाळ्यात भरवशाचं एकच होतं, रूळ. रुळावरून चालत स्टेशनला यायचं आणि गाडीने पाचोऱ्याला जायचं. कॉलेजची पोरं, दुधाच्या किटल्या, भाजीचे भारे, दवाखान्यात निघालेली बाई आणि तिच्यासोबत तिची सासू. एसटीच्या मानाने तिकीट फारच कमी. सासूला सोबत नेणं त्या तिकिटामुळे परवडायचं, नाहीतर बाई एकटी गेली असती किंवा गेलीच नसती.

आणि बंद कधी पडलं हे मला विचाराल तर नोव्हेंबर २०२१. का ते सांगतो. लॉकडाऊन उठला, मोठ्या लाईनवर गाड्या हळूहळू सुरू झाल्या, आम्हाला वाटलं आज ना उद्या आपलीही होईल. तेवढ्यात एसटीचा संप लागला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत. लालपरी नाही, पीजे नाही. काळीपिवळीवाल्यांनी तोंडाला येईल तो भाव सांगितला. तेव्हा गावाला खरं कळलं की स्टेशन गेलं. कापसाच्या गाठी जाऊन किती वर्षं झाली याने त्या दिवसांत कुणाला काय फरक पडत होता?

आता ब्रॉडगेज मंजूर आहे, पाचोरा–जामनेर आणि पुढे बोदवडपर्यंत, ८४ किलोमीटर. बोदवड भुसावळ–नागपूर लाईनवर, म्हणजे आमची टोकाची लाईन मधली होणार. होईल तेव्हा पेढे वाटू. पण तोवर एक पिढी मोटारसायकल शिकून गेली.

गार्डकाका जेलरोड

जामनेरकर, रागावू नका. तुम्ही भुतं नव्हता, मी स्वतः तुम्हाला हात देऊन डब्यात घेतलंय. सासूसुनेचं तुम्ही लिहिलंत ते तर शंभर टक्के. पण मी जे म्हणतोय ते तुमच्याच बाजूचं आहे, नीट वाचा.

रेल्वेत प्रवासी गाडी तिकिटावर कधीच निघत नाही. भारतभर हेच आहे, मालाचं भाडं प्रवाशाला ओढतं. त्यामुळे डबा गच्च भरलेला असला तरी हिशेबाच्या वहीत लाईन तोट्यातच दिसते, आणि छतावरच्या ओझरकरांनी तिकीट काढलं होतं की नाही हे मी विचारत नाही. तोट्यातल्या शाखा-लाईनींचं काय करायचं यावर १९६९ साली समिती बसली. १९८० च्या दशकात रेल्वे सुधार समितीने देशातल्या चाळीस लाईनी बंद करा असं सुचवलं. बहुतेक राज्य सरकारांनी नको म्हणून कळवलं. १९९२ पासून युनिगेज आलं, सगळीकडे एकच गेज करायचं, म्हणजे नॅरोगेजला एकतर मोठं व्हायचं किंवा जायचं. इतकी दशकं डोक्यावर टांगती तलवार असताना एखादी लाईन टिकते ती कुणीतरी तिच्यासाठी भांडतं म्हणून.

गाठी जात होत्या तोवर भांडायला व्यापारी होते, जिनिंगवाले होते, अडते होते. एक वाघीण वेळेवर मिळाली नाही तरी त्यांची तार मुंबईला जायची आणि दुसऱ्या दिवशी पाचोऱ्याला साहेब हजर. माल ट्रकवर गेला आणि ही सगळी मंडळी ट्रकमागून निघून गेली. मागे राहिले तुम्ही: दूधवाले, पोरं, सासूसुना. तुमची आंदोलनं झाली, निवेदनं गेली, मला माहीत आहे. पण गाडी थांबवणाऱ्याला तुमची तार पोचत नाही. म्हणून २०२० ला जी गाडी तात्पुरती थांबली ती परत सोडायची घाई कुणाला झाली नाही. धक्क्याचं मी म्हणतो ते याकरता.

तुमचा नोव्हेंबर २०२१ मात्र ताईंनी लिहून घ्यावा. तो सरकारी कागदात कुठेच मिळणार नाही.

पाथर्डीफाटा

काका, जामनेरकर, दप्तरी, सगळ्यांचे आभार. नकाशा मामीला व्हॉट्सअॅपवर पाठवला. तिचं उत्तर: "लाईन वळली असेल, साहेब नाही वळले." पुढे काय बोलायचं?

मामांना विचारलं. म्हणतात चौथीत असतील, म्हणजे १९६८-६९. धक्का भरलेला आठवतो. दहावीच्या वेळी तिथे क्रिकेट खेळायचे, म्हणजे रिकामा असणार. तेवढ्या सहा-सात वर्षांत काहीतरी झालं असं धरता येईल का?

तिकिटावर देवनागरी आणि इंग्रजीत मध्य रेल, दुसरा वर्ग, शेंदुर्णी ते पाचोरा, भाडं रुपये-पैशात, पण आकडा अर्धा घासला गेलाय. दोन्ही टोकांना एकच नंबर. मागे आईच्या अक्षरात कसलातरी हिशेब, वांगी आणि रॉकेल.

गार्डकाका जेलरोड

तिकीट १९७४ किंवा नंतरचं. त्या वर्षी तिसरा वर्ग रद्द झाला. त्याआधी शेंदुर्णीहून पाचोऱ्याला जाणाऱ्या तुमच्या आईने तिसऱ्या वर्गाचंच काढलं असतं, दुसऱ्याचे पैसे कोण भरणार! पुढच्यासाठी लक्षात ठेवा, कुणाकडे जुनं तिकीट निघालं तर: जीआयपी छापलं असेल तर १९५१ च्या आधीचं, कारण मध्य रेल्वे त्या नोव्हेंबरात झाली. आणे असतील तर एप्रिल १९५७ च्या आधीचं किंवा फार तर जुना साठा संपवत होते त्या काळातलं.

तारीख गेलेली नाही, ती दिसत नाहीये. खिडकीतलं ते यंत्र तिकिटाच्या कडेला तारीख दाबून उमटवायचं, शाई उडाली तरी दाब राहतो. रात्री दिवा बंद करून मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरा, तिकिटाच्या बाजूने, आणि हळूहळू फिरवा. खरवडू नका, पावडर लावू नका. दोन टोकांचा नंबर हा त्या स्टेशनच्या त्या गावाच्या तिकिटांचा अनुक्रमांक, वही असल्याशिवाय त्यातून साल निघत नाही.

मामांच्या सहा-सात वर्षांबद्दल: धरा, पण एकाच माणसावर धरू नका. त्या काळात जिनिंगमध्ये किंवा हमालीला असलेलं कुणी गावात असेल तर त्याला वेगळं विचारा, मामांसमोर नको. मामांसमोर सगळे मामांचंच सांगतील. शिवाय १९७२ पासून कापूस एकाधिकार योजना आली, सगळा कापूस सरकार घेणार, खरेदी केंद्र, ग्रेडर, चिठ्ठ्या. जुन्या व्यापाऱ्यांची घडी तिथेच विस्कटली. तुमच्या धक्क्याचा आणि तिचा संबंध किती, ते त्या हमालांनाच विचारा.

दप्तरी

कागदांबद्दल थोडक्यात. नाशिकमध्ये सार्वजनिक वाचनालयापासून सुरुवात करा, १८४० पासूनची संस्था आहे, जुनी नियतकालिकं आहेत. खान्देशचा १८८० चा गॅझेटियर पीजेच्या आधीचा, पण कापूस तेव्हा कुठल्या बाजाराला जायचा ते त्यात कळतं. स्वातंत्र्यानंतरचा जळगाव जिल्ह्याचा गॅझेटियर वेगळा आहे, त्याचं दळणवळणाचं प्रकरण काढा. लाईनसाठी जमीन घेतली तेव्हाच्या फायली मुंबईला राज्य पुराभिलेखागारात शोधायच्या, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. तिथे जाताना "रेल्वे" म्हणून मागू नका, महसूल खातं, पूर्व खान्देश, भूसंपादन असं मागा. आणि जामनेरला भूमी अभिलेखमध्ये गावाचा जुना नकाशा घ्या. रेल्वेची पट्टी त्यात स्वतंत्र दाखवलेली असते, आणि धक्का, सायडिंग असेल तिथे ती पोटात फुगते. त्या फुगवट्यावरून स्टेशन एकेकाळी केवढं होतं ते मोजता येतं.

गार्डकाका जेलरोड

दप्तरींनी नकाशाचं छान सांगितलं. त्यात एक माझी भर. मामेभावाला सांगा, पुढच्या वेळी इमारतीचे आणि नावाच्या पाटीचे फोटो बस झाले. आवारात कुंपणाला किंवा कुठे खांब म्हणून जुने रूळ उभे रोवलेले दिसतील तर त्यांच्या पोटावर, म्हणजे वरचं डोकं आणि खालचा तळ यांच्या मधल्या भागावर, ओल्या फडक्याने पुसून खडू आडवा घासायला सांगा. कारखान्याचं नाव आणि साल तिथे ठसवलेलं असतं. लाईनपेक्षा जुनं साल निघालं तर दचकू नका, मोठ्या कामावरून उतरलेले रूळ असे बारीकसारीक कामाला फिरत राहायचे. धक्क्याची लांबी पावलांनी मोजून आणायला सांगा. ब्रॉडगेजचं काम तिथे पोचलं की आधी हेच उचललं जाईल.

माझ्याकडे डिव्हिजनचं जुनं कामकाजी वेळापत्रक आहे, लोकांना मिळायचं ते नाही, आम्हा स्टाफचं. त्यात पीजेची पानं आहेत, कुठल्या स्टेशनचा वर्ग काय तेही आहे. रविवारी सकाळी मुक्तिधामला दर्शनाला असतो, तिथेच बाहेर भेटा. समोर झेरॉक्स काढून घ्या. वही घरी नेऊ देणार नाही, आधीची एक अशीच गेली. जामनेरकर, तुम्हीही या, सातपूरहून नाशिकरोडला सिटी बस आहे.

सातपूरचा जामनेरकर

येतो काका. डब्यात हात दिला होतात त्याचा चहा माझ्याकडून.